माहुलाखालची हाक

एप्रिल महिन्यात भर दुपारी आमच्या घरी कोणी कोणाला हाक मारत नाही. चुकून मारलीच, तर ज्याला मारली तो पहिल्या हाकेला ओ देत नाही. माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा नव्या सुनेला वाटलं, हे घर एक तर बहिऱ्यांचं आहे नाही तर भांडखोरांचं. दोन्ही थोडंथोडं खरं आहे. पण हाकेचं कारण निराळं होतं आणि ते घरामागच्या डोंगरउतारावर होतं.

आमचं गाव एटापल्ली तालुक्यात, जंगलाला पाठ लावून बसलेलं. उन्हाळ्यात तो उतार पाहिला तर इथे पावसाळ्यात पाय रोवायलाही जागा नसते हे खरं वाटत नाही. सागाची पानं कधीच गळून गेलेली असतात, ऐन आणि धावडा उघडेबोडके उभे असतात, नाला आटून नुसते गोटे राहतात, आणि त्या गोट्यांवर अनवाणी पाय टेकवत नाही. त्या सगळ्या ओसाडीत एकच गोष्ट हिरवी राहते, ती म्हणजे माहूल.

माहूल हा शेंगांचा वेल. तुरीचा, वालाचा रानातला भाऊबंद म्हणा, पण भाऊबंदांनी ओळख दाखवू नये असा दांडगा. त्याचं खोड माझ्या मांडीहून जाड आहे. नाल्याच्या काठावरून निघून तो दोन ऐनांना आवळत वर कड्यापर्यंत गेला आहे आणि तिथे झाडांच्या डोक्यावर पसरून बसला आहे. पान आपट्यासारखं दुभंगलेलं, पण जेवणाच्या ताटाएवढं. वरून ते गुळगुळीत असतं आणि खालच्या बाजूला तांबूस मऊ लव असते. पानांच्या पत्रावळी होतात, सालीचा दोर होतो, आणि शेंगेतल्या चपट्या बिया भाजून खातात. चव काजूच्या जवळ जाणारी. मी काजू नंतर खाल्ला, त्यामुळे मला काजू माहुलासारखा लागतो.

बाकीच्या गावांत माहुलाच्या शेंगा काठीनं पाडतात आणि विस्तवात घालून उघडतात. आमचा वेल कड्यावर चढलेला, काठी पुरत नाही आणि माणूस चढू शकत नाही. म्हणून आमच्या घरी बिया कानांनी गोळा करतात. एप्रिलच्या उन्हात हातभर लांबीची वाळलेली शेंग आपोआप फुटते. आवाज असा येतो की नवख्या माणसाचं काळीज तोंडात यावं. आमच्या भागात तसल्या आवाजाला, बंदूक समजून, लोक आधी जमिनीवर आडवे व्हायचे आणि मग विचार करायचे, ते दिवसही मी पाहिले आहेत. शेंग फुटते तेव्हा बी लांब उडतं. कुठे उडालं हे डोळ्यांना दिसत नाही. पण नीट ऐकलं तर फुटण्याच्या आवाजानंतर वाळलेल्या पाचोळ्यावर टप् असा बारीक दुसरा आवाज येतो. बी तिथे असतं.

बाबा सांगायचे, “पयला आवाज वेलाचा, दुसरा आपला. पयल्याच्या मागं पळनारा उपाशी मरते.”

बाबा म्हणजे हसरा, दोर वळणारा, उगाच कोणाची तरी नक्कल करणारा माणूस. पण वेलाखाली बसलं की ते अगदी गप्प. तिथे बोलायचं नाही, कारण बोललं की दुसरा आवाज हुकतो. आणि त्याला जोडून आणखी एक गोष्ट होती, म्हाताऱ्यांनी घालून दिलेली. दुपारच्या वेळी रानात आपल्याच माणसाच्या आवाजात हाक येते. ती माणसाची असेल तर पुन्हा येईल. माणसाची नसेल तर एकदाच येते, आणि पहिल्या हाकेला ओ दिली की देणारा गेला. म्हणजे हाकेचंही बियांसारखंच होतं, दुसरीची वाट पाहायची. आम्हा मुलांना या दोन नियमांत फरकच कळत नव्हता. मोठ्यांनाही कळत असेल असं वाटत नाही.

त्या उन्हाळ्यात मी आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आले होते. सकाळी आम्ही चौघं उतारावर गेलो. बाबा साल काढायला वर कड्याकडे गेले. माय, भाऊ आणि मी वेलाखाली बसलो. दुपारी पाणी संपलं म्हणून मी भावाला घेऊन खालच्या विहिरीवर गेले. परत आले तेव्हा माय उभी होती. टोपली खाली, तोंड वर कड्याकडे, आणि एक हात उचललेला, जसा आम्हाला गप्प करायला उचलायची तसा. मी विचारलं काय झालं, तर तिनं डोळ्यांनीच दटावलं. आम्ही बसलो. शेंगा फुटत होत्या, बिया पडत होत्या, आणि माय एकही उचलायला जात नव्हती.

बऱ्याच वेळानं ती हळू म्हणाली, “तुह्या बाबानं मले बोलावलं. एकदाच.”

“मग?”

“मंग काय. दुसऱ्यांदा बोलावन ना.”

दुसऱ्यांदा बोलावलं नाही. ऊन उतरल्यावर ती वर गेली. कड्याखाली सोललेली साल पडली होती, अर्धी गुंडाळलेली. कुऱ्हाड नव्हती, बाबा नव्हते, रक्त नव्हतं, काही ओढत नेल्याची खूण नव्हती. गाव शोधायला गेलं, वनखात्याची माणसं आली, पोलीस आले. काहीच सापडलं नाही. मग लोकांनी आपापल्या सोयीचं उत्तर शोधलं. कोणी म्हणालं वाघ. कोणी म्हणालं कड्यामागच्या कपारीत पडला. आणि पुढच्या हंगामात तेलंगणात मिरची तोडायला गेलेला एक जण परत येऊन छातीठोकपणे म्हणाला, की त्यानं बाबांना तिकडच्या एका शेतात पाहिलं, अंगात चांगला शर्ट होता. त्या शर्टाचा मला फार राग आला. मेलेल्या माणसाबद्दल तरी लोक जरा सांभाळून बोलतात.

मायनं यातलं काहीच धरलं नाही आणि काहीच सोडलंही नाही. तिच्यापाशी एकच गोष्ट होती, ती पहिली हाक. ती फक्त तिनं ऐकली होती. बाबांनी तिला इतर सगळे नवरे मारतात तशीच हाक मारली होती, “अवो”. नुसतं अवो. त्यात घाबरणं होतं का, मी तिला खूपदा विचारलं. ती म्हणायची, “रोजच्यासारखंच होतं वो. म्हनूनच तर मी बसून राह्यली.”

आता पानाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. आमच्या घरी वर्षाच्या पहिल्या माहुलबिया भाजल्या की आधी घरातल्या गेलेल्यांना वाढतात, मग जिवंतांनी तोंडात टाकायच्या. गेलेल्यांसाठी माहुलाचं पान उलटं मांडतात, लवेची बाजू वर. जो जिवंत आहे पण घरी नाही, कामाला गेला आहे किंवा शाळेत आहे, त्याचं पान सुलटं मांडतात, आणि त्याचा वाटा वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून ठेवतात. मी शाळेत असताना माझ्या नावाचं पान असंच मांडायचे. त्या वर्षी मायनं बाबांचं पान सुलटं मांडलं. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्या वर्षी जुन्या बिया नाल्यात ओतून त्या तुंब्यात नव्या भरल्या. आम्ही भाऊबहीण मोठे झालो, भाऊ ट्रक चालवायला लागला, मी लग्न होऊन गोंडपिपरीला आले, तिथे ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं, आणि बाबांचं पान सुलटंच राहिलं.

गावातल्या मोठ्या माणसांना हे पटत नव्हतं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाचा दगड उभा करतात. तो झाला नाही की त्या माणसाला बसायला जागा नसते, तो उभाच राहतो. कधी या झाडाखाली, कधी त्या दारात. भाऊ मायला म्हणायचा, “माय, त्याले बसू दे ना आता. किती दिवस उभा ठेवतं?”

माय म्हणायची, “जित्त्या मानसाचा दगड उभारतं? तुले लाज नाई?”

मी कोणाच्या बाजूनं होते? खरं सांगायचं तर रोज बदलायचं. गोंडपिपरीत असताना मला भावाचं बरोबर वाटायचं. गावी येऊन दुपारी ओसरीवर पडले, उतारावर एखादी शेंग फुटली, की माझाही श्वास पुढच्या आवाजासाठी थांबायचा. ते टप् ऐकू येईपर्यंत घरात तिघं-चौघं माणसं अशी गप्प होऊन जायची की बाहेरून येणाऱ्याला वाटावं इथे आत्ताच कोणीतरी वारलं आहे. एक प्रकारे तेच होतं. फक्त ते ‘आत्ताच’ कधी संपत नव्हतं.

माय दर एप्रिलला वर जायची. रोज, भर दुपारी. बिया हे निमित्त. वय झालं, गुडघे गेले, तरी जायची. मागच्या उन्हाळ्यात ती वेलाखाली चक्कर येऊन पडली. सुनेला ती संध्याकाळी सापडली. ओठ सुकून काळे पडले होते. दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हा शुद्धीवर येऊन तिनं पहिलं काय विचारलं असेल? “मी इथी हाये, तिकडं कोन हाये?” डॉक्टर म्हणाले, पुन्हा उन्हात गेली तर परत आणायची वेळ येणार नाही. भावानं मला फोन केला. “बाई, यंदा तूच काही कर. माह्यं तं आयकत नाई. बाबा गेला त्याच जागी मायपन जाईन.”

म्हणून या एप्रिलला मी दुकान बंद करून गावी गेले, ते मायला अडवायचं ठरवून. पहिल्याच दिवशी मी तिच्यासोबत उतारावर गेले. माझ्या ठरवण्याला हा असा वचक असतो.

तिथे मला कळलं की मायला आता ऐकू येत नाही. म्हणजे बोललेलं थोडंफार कळतं, तोंडासमोर ओरडलं तर. सूरजागडच्या खाणीकडचा सुरुंगाचा आवाज तिला छातीत कळतो. पण शेंग फुटलेली कळत नाही आणि बी पडलेलं तर मुळीच नाही. किती वर्षांपासून हे असं होतं देव जाणे. ती रोज बहिऱ्या कानांनी तिथे बसून हाकेची वाट पाहत होती. भावालाही माहीत नव्हतं. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी नुसती तिच्या पायावरचे मुंगळे झटकत बसले.

ती म्हणाली, “मले येत नाई आयकू. तू आयक.” आणि माझा हात घेऊन स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

मग आम्ही तसं करायला लागलो. शेंग फुटली की मी तिच्या गुडघ्यावर एक टिचकी मारायची, बी पडलं की दुसरी. मग ती माझ्याकडे पाहायची आणि भुवया उचलून विचारायची, काही आणखी? मी मान हलवायची. काही नाही. असे काही दिवस गेले. ऊन वाढत होतं. तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसायची. मी पाण्याची बाटली पुढे केली की एक घोट घ्यायची आणि मलाच ओरडायची, बाटलीचा आवाज नको करू म्हणून. हिला कुठला ऐकू येणार होता तो आवाज!

एका दिवशी वारा पूर्ण पडला होता. रानात चिटपाखरू बोलत नव्हतं. मायचा हात माझ्या हाताखाली थंड आणि ओला लागला. मागच्या वेळी ती अशीच पडली असेल असं माझ्या मनात आलं. मी घाबरले, आणि घाबरून खोटं बोलले.

तिच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हणाले, “माय, हाक आली. बाबाची. दुसरी.”

तिनं हळू मान वळवली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल की खोटं बोलतेस. तिनं विचारलं, “कुठून?”

मी वर कड्याकडे बोट केलं.

“काय म्हने?”

“अवो म्हने.”

मग तिच्या चेहऱ्यावर भीती आली, अगदी लहान मुलीची असते तशी. माझा दंड घट्ट धरून ती म्हणाली, “मंग तू ओ काऊन नाई देल्ली?”

इतक्या वर्षांत मी तिला हा प्रश्न कधी तोंडावर विचारला नव्हता, पण मनात तोच घेऊन मोठी झाले होते. आता तोच माझ्यापुढे होता, आणि उत्तर तेच होतं जे तिचं होतं. काही नाही. बसून राहिले.

“दे ना वो! जाईन तो!” माय मला ढकलायला लागली. “ऊठ! दे ओ!”

मी उठले. टळटळीत उन्हात, त्या वेलाखाली, जिथे आयुष्यभर कोणी आवाज केला नव्हता, तिथे मी तोंडाला हात लावून ओरडले, “ओऽऽ!”

“जोरानं. वर हाये तो.”

मी पुन्हा ओरडले. पुन्हा. घसा फाटेपर्यंत ओरडले, आणि कधीतरी ते खोटं राहिलं नाही. मी खरंच त्यांना ओ देत होते. त्या चांगल्या शर्टाच्या माणसाला, वाघानं नेलेल्या माणसाला, जो कोणी असेल त्याला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाकातूनही. माय खाली बसून समाधानानं मान हलवत होती, एखादं काम बऱ्यापैकी जमत आलं की हलवतात तशी.

मग ती उठली, टोपली घेतली आणि माझ्या आधी उतरायला लागली. गुडघे धरत, पण मागे न पाहता.

उन्हं कलल्यावर तिनं चुलीवर बिया भाजल्या. भाऊ घरीच होता. सून पानं धुऊन घेऊन आली. मायनं आधी घरातल्या गेलेल्यांची पानं मांडली, उलटी. मग बाबांचं पान हातात घेतलं. ते सुलटं धरून जरा वेळ अंगठ्यानं पुसत राहिली. तिनं पान पालथं केलं, लव वर, आणि बाकीच्या पानांच्या रांगेत ठेवलं. त्यावर बिया वाढून म्हणाली, “बस आता. खा.” भाऊ तोंड फिरवून बाहेर गेला. या पावसाआधी दगड उभा करायचं ठरलं, आणि तो झालाही, गावाच्या वाटेला, मोहाच्या झाडाजवळ. मायनं स्वतः त्याला हळद लावली. ती आता उतारावर जात नाही. दुपारी झोपते. तब्येत बरी आहे.

म्हणजे मी जे करायला गेले होते ते झालं. लोक म्हणतात, पोरीनं शहाणपणा केला. भाऊ तर गाडी थांबवून लोकांना सांगतो.

पण दोन गोष्टी मी त्याला सांगितलेल्या नाहीत. एक म्हणजे, मी गोंडपिपरीला परत निघाले तेव्हा माय बसथांब्यापर्यंत आली. पिशवीत माहुलबिया दिल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “ओ तुनं देल्ली. आता तो तुलेच बोलावन. ध्यान ठेव.”

आणि दुसरी म्हणजे उतारावरची. शेवटची ओ देऊन मी थांबले तेव्हा कड्यावरून आवाज परत आला. कड्यावर आवाज आदळून परत येतोच, त्यात नवल नाही. मी सात-आठ वेळा तरी ओरडले असेन, परत मात्र एकदाच आला. तो ओ नव्हता, हाक होती, आणि मायला काही ती ऐकू आली नाही. मी ओ न देता तिच्यामागे उतरायला लागले.

माझं दुकान बसस्टँडजवळ आहे, दिवसभर गलका असतो. तरी दुपार झाली की मी मशीन थांबवते. गिऱ्हाईक विचारतं, बाई, लाईट गेली का. मी म्हणते, हो.